अकरा तेहेतीसची ओळ

६ मार्च

मामा, नमस्कार.

फोन केला असता, पण तुमच्या कानांची आणि फोनची दुश्मनी मला माहीत आहे. आई तुम्हाला फोन करते तेव्हा आमच्या जिन्यातल्या सगळ्यांना घरची खबरबात कळते. म्हणून कागदच बरा. शिवाय तुम्हीच म्हणता, पडद्यावरची चूक तुम्हाला दिसत नाही, कागदावरची दिसते.

दवाखान्यातल्या लसीच्या फ्रिजला तुम्ही दीड वर्षापूर्वी जो प्रोग्रॅम बसवून दिलात, त्याबद्दल विचारायचं आहे. दर मिनिटाला आतलं तापमान घ्यायचं आणि फाइलमध्ये एक ओळ टाकायची, एवढंच त्याचं काम. ते तो माझ्यापेक्षा नेमाने करतो, असं मोठ्या बाई चारचौघांत म्हणतात. (मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्य डॉक्टर. तुमचे आभार मानणारं पत्र त्यांनीच लिहून, चौकट करून भिंतीवर लावलंय.) तो आल्यापासून आम्ही हाताने लिहायची वहीही बंद केली.

काल बुधवारी सकाळी मी मंगळवारची फाइल बघितली. सकाळी साडेसहापासून अकरा बत्तीसपर्यंत सगळ्या ओळी जागच्या जागी. त्यानंतर एकदम संध्याकाळचे चार बावीस. मधले पावणेपाच तास गायब.

इथला नियम कडक आहे. ज्या वेळेची नोंद नाही, त्या वेळेत लस गरम झाली असंच धरायचं. तीनशे चाळीस डोस बाजूला काढून त्यांच्यावर 'वापरू नये' अशी चिठ्ठी लावली आहे. दोन दिवस मी तान्ह्या बाळांना घेऊन आलेल्या आयांना परत पाठवते आहे, आणि त्या माझ्याकडे असं बघतात की मीच लस पिऊन टाकली.

आमच्याकडे सफाईला एक मावशी आहेत. त्यांना विचारलं, तर त्यांनी आढेवेढे न घेता सांगितलं, "हो, प्लग मीच काढला. फ्रिजखाली पाणी साठलं होतं, वायर त्यात लोळत होती. शॉक बसायला नको म्हणून कॉम्प्युटरचा प्लग काढला, पुसलं, परत लावला. दोन मिनिटं." किती वाजता? तर म्हणे, सव्वाचार होऊन गेले होते.

आता तुम्हीच सांगा. मावशी दिवसातून दोनदा फरशी पुसतात, साडेअकराला आणि चारनंतर. फाइल बंद पडली अकरा तेहेतीसला. म्हणजे सकाळी प्लग काढला, लावायचा राहिला, संध्याकाळी लक्षात आलं, हे उघड आहे. फ्रिजचा प्लग वेगळा आहे, त्याला कुणी हात लावला नव्हता. पण ते सिद्ध कशाने करणार? मोठ्या बाईंनी लेखी मागितलं, आणि लसीची खोली माझ्या ताब्यात असल्यामुळे मी लिहून दिलं: 'प्लग ११:३३ ते ४:२२ काढलेला होता.' खाली सही केली.

सही केली खरी, पण पटत नाही. या मावशी सहा वर्षांत एकदाही खोटं बोललेल्या मला आठवत नाहीत. उलट खरं बोलून बोलूनच त्यांनी निम्मा दवाखाना दुखावून ठेवलाय. म्हणून विचारते: प्रोग्रॅममध्ये काही गडबड असू शकते का?

तुमची
बारकी

*

१० मार्च

बारके,

तुझं पत्र वाचलं आणि आधी तुझ्या अक्षरावर खूश झालो. शेवटचा प्रश्न वाचला आणि जरा कमी खूश झालो.

प्रोग्रॅममध्ये गडबड नाही. का नाही ते सांगतो, म्हणजे तुझ्या जिवाला घोर नको.

फाइलचं कसं असतं, की आधी ती उघडावी लागते, मग तिच्यात लिहायचं, आणि शेवटी ती बंद करायची. उघडताना सांगावं लागतं की कशासाठी उघडतोयस. नुसतं वाचायला, की आधीचं सगळं पुसून नव्याने लिहायला, की आधीच्याच्या खाली जोडायला. शिकत होतो तेव्हा मी एकदा 'खाली जोड'ऐवजी 'पुसून लिही' असं लिहिलं आणि माझ्याच तीन महिन्यांच्या नोंदी एका फटक्यात धुऊन निघाल्या. त्या दिवशी तुझ्या मामीने मला दोनदा जेवायला बोलावलं, मी दोन्ही वेळा "जेवलो" म्हणालो. तेव्हापासून कानाला खडा. तुमचा प्रोग्रॅम खालीच जोडतो.

तो सकाळी साडेसहाला फाइल उघडतो आणि दुसऱ्या दिवशी साडेसहाला बंद करून नवी उघडतो. मध्ये उघडझाप नाही. हे मी मुद्दाम केलंय. चाळीस वर्षं लोकांचे फ्रिज दुरुस्त केले, आणि चाळीस वर्षं एकच गोष्ट कानीकपाळी ओरडलो: बाई, दार सारखं उघडू नका. एकदा उघडा, काय हवं ते काढा, बंद करा. दर उघडण्याला मोटार धापा टाकते. माझं तत्त्व एकच, फ्रिज असो की फाइल.

तेव्हा फाइल जे सांगते ते धर. माणसाला वेळ नीट आठवत नाही, फाइलला आठवते. मावशींवर रागावू नको, कामाच्या धांदलीत विसरणं होतं. पण अकरा तेहेतीसला प्लग निघाला, हे माझ्याकडून पक्कं समज. हवं तर हे पत्र मोठ्या बाईंना दाखव.

आईला म्हणावं, फोनवर इतकं ओरडू नकोस. मला तसंही ऐकू येत नाही, तुझा घसा मात्र बसतो.

तुझा
मामा

*

१४ मार्च

मामा, नमस्कार.

तुमचं पत्र मोठ्या बाईंना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, फ्रिजच्या दाराचं वाचून हसल्या, आणि माझ्या निवेदनाला टाचणीने जोडून ठेवलं. मग हसू ओसरल्यावर म्हणाल्या, "चूक झाली असती तर मी सोडून दिलं असतं. पण पाच तासांची चूक दोन मिनिटांची म्हणून सांगणारं माणूस मला लसीच्या खोलीत नको."

महिनाअखेर मावशींचं काम बंद. अठ्ठावीस तारखेला संध्याकाळी बैठक आहे, तेव्हा तसं पत्र त्यांच्या हातात देतील.

मावशींना कळल्यावर त्या रडल्याबिडल्या नाहीत. बादली खाली ठेवली आणि मला म्हणाल्या, "पाच तास म्हटलं की नोकरी राहते का? तर मग म्हणते मी पाच तास. पण लागले दोनच मिनिटं." मामा, त्यांचं वय छप्पन्न. या वयात त्यांना दुसरं काम कोण देणार?

त्यांना मी सांगितलं की प्रोग्रॅम माझ्या मामांचा आहे, आणि मामांनी पक्कं लिहून पाठवलंय. तर म्हणाल्या, पत्ता दे, मीच लिहिते त्यांना. त्यांचं पत्र सोबत आहे. मी वाचलेलं नाही.

आणि एक विचारू का? रागावू नका. फ्रिज त्या दिवशी व्यवस्थित चालू होता हे मला शपथेवर माहीत आहे. आधीही चार पॉइंट सहा, नंतरही चार पॉइंट सहा. मधल्या ओळी तुम्ही भरून देऊ शकाल का? लस वाचेल, आयांची फेरी वाचेल, मावशींचंही प्रकरण मिटेल. कुणाचं काही नुकसान नाही.

एक बारीकशी गंमतही आहे. त्या दिवशीच्या फाइलमध्ये एका ओळीत तारीख दोनदा पडली आहे. प्लग परत लागला तेव्हा बिचारा प्रोग्रॅम गोंधळला असेल.

बारकी

*

(सोबतचं पत्र)

१३ मार्च

भाऊ,

मी दवाखान्यात झाडलोट करणारी. आपली ओळख नाही. तुम्ही यंत्र बसवायला आलात तेव्हा मी तुमच्या बुटांच्या ठशांवरून दोनदा फडकं फिरवलं होतं, एवढीच ओळख.

मी प्लग काढला. संध्याकाळी काढला. घड्याळ बघितलं नाही, पण समोरच्या शाळेची शेवटची घंटा झाली होती आणि पोरांचा गलका चालू होता. ती घंटा सव्वाचारला होते. सकाळी साडेअकराला पोरं वर्गात असतात, तेव्हा रस्ता चिडीचूप असतो. गलका मी स्वप्नात ऐकला का?

फ्रिज चालू होता. मी त्याला पाठ टेकून कमरेला आधार देते आणि मग वाकते. तो गुरगुरत होता.

तुम्ही लिहिलंत की माणूस विसरतं, फाइल विसरत नाही. असेल. तुम्ही शिकलेले आहात. पण तुमच्या फाइलला एकदा विचारून बघा, की बाई, तू त्या वेळी होतीस का जागी.

काम गेलं तर गेलं. खोटारडी म्हणून जायचं नाही मला.

*

१८ मार्च

बारके,

पत्रं मिळाली. दोन्ही.

ओळी भरून देणार नाही. हे पुन्हा विचारू नको. जे मोजलं नाही ते लिहायचं नाही. चार पॉइंट सहा असेलच, पण 'असेलच'ची ओळ फाइलमध्ये टाकता येत नाही. एकदा टाकली की उरलेल्या सगळ्या ओळींचीही किंमत तेवढीच.

मला दोन गोष्टी हव्यात. एक, मंगळवारच्या फाइलचा पूर्ण कागद, पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत. पहिल्या पत्रात तू फक्त तुटल्याची वेळ कळवली होतीस. दोन, ती तारीख दोनदा पडलेली ओळ कुठली, त्यावर खूण कर. फाइलला हात लावू नको. काही पुसू नको.

खोकला आहे. जास्त लिहीत नाही.

मामा

*

२२ मार्च

मामा,

कागद सोबत आहे. तारीख दोनदा पडलेल्या ओळीवर लाल खूण केली आहे. ती अकरा बत्तीसच्या लगेच खालची आहे. तिथे आधी नुसती चार मार्च ही तारीख आहे, पुढे वेळ नाही, तापमान नाही. आणि त्याच ओळीत पुढे पुन्हा चार मार्च, चार बावीस, चार पॉइंट सहा.

तुमचं पत्र पाच मिनिटांत वाचून झालं. इतकं कोरडं पत्र तुम्ही मला कधी लिहिलेलं नाही. तुमच्या प्रोग्रॅमवर शंका घेतली म्हणून राग आला असेल, किंवा ओळी भरायला सांगितल्या म्हणून. दुसरं असेल तर माझं चुकलं, मान्य. पहिलं असेल तर मात्र मी माघार घेणार नाही. शंका घ्यायला तुम्हीच शिकवलंत मला, आता शंका आली की खोकला येतो?

गुरुवारी तीनशे चाळीस डोस टाकून दिले. माझ्या हाताने. नोंदवहीत लिहिलं, 'तापमानाची नोंद नसल्याने नष्ट.' नवा साठा पुढच्या आठवड्यात येईल, तोवर फ्रिज रिकामा गुरगुरत बसलाय.

मावशी रोज वेळेवर येतात, फरशी पुसतात. आता प्लगच्या भोवती हातभर जागा कोरडी सोडून पुसतात. मला ती हातभर जागा दिवसभर दिसत राहते.

बैठक अठ्ठावीसला.

बारकी

*

२५ मार्च (जलद टपालाने)

बारके,

मला राग आलेला नव्हता आणि खोकलाही नव्हता. मला संशय आला होता, दुसऱ्या दिवशी सापडलंही, आणि सांगायचं धाडस होत नव्हतं.

चूक प्रोग्रॅमची आहे. म्हणजे माझी. मावशींनी प्लग सव्वाचारनंतरच काढला आणि दोनच मिनिटं काढला. त्यांच्या बोलण्यातला शब्द न् शब्द खरा आहे.

सांगतो. नीट वाच, कारण तुला हे मोठ्या बाईंना समजावून सांगायचं आहे.

मी फ्रिजचं मागचं झाकण उघडतो तेव्हा प्रत्येक स्क्रू काढला की उठून डब्यात टाकायला जात नाही. शर्टाच्या खिशात टाकतो. खिसा भरला की एकदम डब्यात रिकामा करतो. कॉम्प्युटर तसंच करतो. त्याला 'ही ओळ लिही' म्हटलं की तो लगेच फाइलमध्ये लिहीत नाही. खिशात ठेवतो. खिसा भरला की सगळं एकदम फाइलमध्ये ओततो. नाहीतर आपण 'फाइल बंद कर' म्हटलं की आधी खिसा झटकून रिकामा करतो, आणि मग बंद करतो. तो खिसा आहे आठ हजार एकशे ब्याण्णव अक्षरांचा.

आपली एक ओळ सत्तावीस अक्षरांची. तारखेची दहा, मग मोकळी जागा एक, वेळेची आठ, पुन्हा मोकळी जागा एक, तापमानाची सहा, आणि ओळ संपल्याची न दिसणारी खूण एक. तू पाठवलेल्या कागदावर मी पेन्सिलने एकेक ओळ मोजली. साडेसहापासून अकरा बत्तीसपर्यंत तीनशे तीन ओळी. त्यांची अक्षरं आठ हजार एकशे एक्याऐंशी. खिशात जागा उरली अकरा अक्षरांची. अकरा तेहेतीसच्या ओळीची तारीख आणि पुढची मोकळी जागा मिळून बरोब्बर अकरा होतात. तिथे खिसा भरला. प्रोग्रॅमने तो ओतला, तारखेनंतर ओळ तुटली, आणि बाकीची ओळ पुढच्या खिशात गेली. म्हणून तुझ्या लाल खुणेच्या ओळीत नुसती तारीख आहे.

अकरा तेहेतीसला काहीच घडलं नव्हतं, बारके. फक्त एक खिसा भरला होता. पुढचे पाच तास प्रोग्रॅम इमानाने तापमान घेत होता आणि दुसऱ्या खिशात टाकत होता. मावशींनी दोन मिनिटं प्लग काढला, आणि तो खिसा भरायच्या आत शर्टच गेला. त्या ओळी कुठेही नाहीत. परत मिळणार नाहीत.

मी दर ओळीनंतर फाइल बंद केली असती तर मावशींच्या हातून दोन ओळी गेल्या असत्या. पाच तास माझ्यामुळे गेले. दीड वर्ष हे झाकून राहिलं, कारण तुमच्या अख्ख्या दवाखान्याला बॅटरी जोडलेली आहे, वीज गेली तरी भिंतीतला करंट जात नाही. भिंतीतला प्लगच कुणी काढला नव्हता.

सतरा तारखेला तुमची पत्रं आली. तारीख दोनदा पडल्याचं वाचलं तेव्हाच शंका आली. एकोणीसला मी माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर तोच प्रोग्रॅम सकाळी साडेसहाला चालू केला, आणि संध्याकाळी चार वीसला प्लग ओढला. फाइल उघडली. अकरा बत्तीस, आणि खाली नुसती तारीख. तुझी मामी म्हणाली, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही, स्वयंपाकघरातला प्लग ढिला आहे."

म्हणजे एकोणीस तारखेपासून मला माहीत आहे. तुझ्या कागदाची वाट बघतोय असं स्वतःला सांगत सहा दिवस बसलो. कागद तर मिळायलाच हवा होता, पण त्याच्यावाचून अडलेलं नव्हतं. अडलं होतं ते त्या भिंतीवरच्या चौकटीत. अठ्ठावन्नाव्या वर्षी, दुरुस्तीला आलेल्या एका फ्रिजवर गिऱ्हाईक विसरून गेलेल्या पुस्तकातून मी हे सगळं शिकलो. शाळा आठवीत सुटली. आयुष्यात चौकटीत लागलेलं तेवढं एकच पत्र.

आणि तेच पुस्तक काल पुन्हा उघडलं. खिशाची गोष्ट त्यात आहे. अख्खं पान आहे. मी ते तेव्हा वाचलं होतं, आणि बाजूला माझ्याच अक्षरात पेन्सिलने लिहून ठेवलंय: 'आपल्याला लागू नाही.'

आज सकाळी तुझं पत्र आलं. मावशी हातभर जागा कोरडी सोडतात, हे वाचल्यावर मी टेबलावर बसलो आणि हे लिहायला घेतलं.

सोबत मोठ्या बाईंच्या नावाचं पत्र आहे. त्यात हेच लिहिलंय, आणि माझं दहा मार्चचं पत्र मागे घेतलंय. त्यांना म्हणावं, माझ्या शब्दावर जाऊ नका, एकदा गेलात तेवढं पुरे. फ्रिज रिकामा आहे, बिघडायला काही उरलेलं नाही. अठ्ठावीसला नेहमीसारखा साडेसहाला प्रोग्रॅम चालू होऊ द्या, आणि बैठकीच्या आधी, चार वीसला, स्वतः प्लग काढून बघा. फाइल अकरा बत्तीसनंतर तारखेवर तुटलेली दिसली नाही, तर मला पाहिजे ते म्हणा.

तिसऱ्या कागदावर नवा प्रोग्रॅम आहे. बैठक झाल्यावरच घाल. दर मिनिटाला: उघड, एक ओळ लिही, बंद कर. चारच ओळींचा फरक आहे. पण लिहिताना हात वळत नव्हता. सारखं वाटत होतं, कुणीतरी मागून ओरडेल, अहो, दार किती वेळा उघडताय!

तुझा
मामा

*

२९ मार्च

मामा, नमस्कार.

पत्र सत्तावीसला दुपारी मिळालं. मी ते उभ्याउभ्याच वाचलं आणि तशीच मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. त्यांनी तुमचं पत्र वाचलं. फक्त म्हणाल्या, "उद्या चार वीस."

काल सव्वाचारला आम्ही सगळे लसीच्या खोलीत. मोठ्या बाई, मी, मावशी, आणि बैठकीला आलेले दोन डॉक्टर. समोरच्या शाळेची घंटा झाली, पोरं गलका करत सुटली. मावशी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ऐकलंस?" मी ऐकलं.

मोठ्या बाईंनी विचारलं, "कुठला प्लग?"

"तो काळा. पण बाई, मी हात लावणार नाही हं. तुम्हीच काढा. माझं काढून झालंय."

बाई वाकल्या, घड्याळ बघून चार वीसला प्लग काढला. दोन मिनिटं आम्ही सगळे एका प्लगकडे बघत उभे. चार बावीसला लावला. कॉम्प्युटर चालू झाला, मी फाइल उघडली. अकरा तीस. अकरा एकतीस. अकरा बत्तीस. आणि त्याखाली अठ्ठावीस मार्च, आणि लगेच पुन्हा अठ्ठावीस मार्च, चार बावीस.

मग मावशी शांतपणे म्हणाल्या, "मोठ्या बाईंनी सकाळी अकरा तेहेतीसला प्लग काढला आणि पाच तास लावायला विसरल्या. आता त्यांनाही कामावरून काढणार का?"

दोन्ही डॉक्टर खिडकीकडे वळले, त्यांचे खांदे हलत होते. मोठ्या बाई हसल्या नाहीत. चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाल्या, "नाही. आणि तुम्हालाही नाही. मावशी, मी तुमचं ऐकायला हवं होतं." मग कामावरून काढायचं पत्र सगळ्यांसमोर फाडलं. मी माझं निवेदन मागे घेतलं आणि त्यावर का ते लिहिलं.

मावशींची माफी मागितली. त्यांनी मान हलवली. चहा आणून दिला, घेतला नाही. आज पुन्हा आणून दिला, घेतला.

तुमच्या चौकटीबद्दल. ती काढावी असं तुम्ही मोठ्या बाईंच्या पत्रात लिहिलं होतं. त्या नाही म्हणाल्या. त्या पत्राखाली त्यांनी तुमचं हे पंचवीस तारखेचं पत्र लावायला सांगितलंय, तेवढीच चौकट करून. म्हणाल्या, हे जास्त कामाचं आहे.

नवा प्रोग्रॅम घातला. सकाळी एकदा, दुपारी एकदा प्लग काढून बघितला. दोन-दोन ओळी गेल्या, बाकी सगळ्या हजर. नवा साठा सोमवारी येतोय.

आणि शंका घेतल्यावर खोकला येतो का, असं मी लिहिलं होतं ते मागे घेते. सहा दिवस लागले, पण तुम्ही लिहिलंत. मी तर सही एका मिनिटात केली होती.

बारकी

*

७ एप्रिल

मावशींना,

ताई, मी तुमच्याबद्दल जे लिहिलं ते खोटं होतं. माहीत नसताना पक्कं म्हणून लिहिलं, आणि माहीत झाल्यावर सहा दिवस गप्प बसलो. दुसरं पहिल्यापेक्षा वाईट. दोन्हींची माफी मागतो.

तुम्ही विचारलं होतंत, की फाइलला विचारा, तू जागी होतीस का. ती जागी होती, पण हातात घेतलेलं तिने खाली ठेवलं नव्हतं. तुम्ही ते न शिकता ओळखलंत. मला ते शिकूनही दिसलं नाही.

आता एक मागणं आहे. फ्रिजच्या दारावर एक काटा आहे, बाहेरूनच तापमान दाखवतो. माझा प्रोग्रॅम आला तेव्हा त्याच्याकडे बघून लिहायची वही तुमच्याकडे बंद झाली. ती बंद व्हायला नको होती. बारकीमार्फत मोठ्या बाईंना विचारलं, त्यांची हरकत नाही. रोज संध्याकाळी फरशी पुसून झाली की काटा बघायचा आणि वेळ घालून एक ओळ लिहायची. प्रोग्रॅम नवा आहे, पण माझ्याच हातचा आहे. त्याच्यावर लक्ष ठेवायला कुणीतरी हवं, आणि ते तुम्ही असावं असं मला वाटतं. आठवड्याला एक पान मला पाठवाल का? मी फाइलशी ताडून बघेन.

पुढच्या वेळी आलो तर बूट बाहेर काढेन.

आपला
बारकीचा मामा

*

१२ एप्रिल

भाऊ,

वही सुरू केली. पहिलं पान पाठवते. नर्सबाईने, म्हणजे तुमच्या बारकीने, रेघा मारून दिल्यात.

गुरुवार, शाळेची घंटा होऊन गेल्यावर, चार वाजून सतरा. काटा साडेचारवर. फ्रिज चालू.

शुक्रवार, चार पन्नास. काटा साडेचारच्या किंचित वर. नर्सबाईने दार दोनदा उघडलं होतं, मी बोलले तिला.

शनिवार, चार त्रेचाळीस. काटा साडेचारवर. खाली पाणी होतं. प्लग काढला चार चव्वेचाळीसला, लावला चार सेहेचाळीसला. नर्सबाईला सांगून काढला.

तुमच्या फाइलीत शनिवारी त्या वेळी काय लिहिलंय ते कळवा. दोन ओळी कमी असायला हव्यात. जास्त कमी असल्या तर मला आधी सांगा, मग बाकीच्यांना.